कुंडीतली वेल कुंडीतच राहावी म्हणून

गेल्या जूनमध्ये आमच्या गच्चीवर पाणी तुंबलं. पहिलाच मोठा पाऊस, घोटाभर पाणी साचलेलं, म्हणून प्लंबरला बोलावलं तर त्याने पाइपाच्या तोंडात हात घातला आणि आतून हातभर लांब जांभळी-चंदेरी पट्ट्यांची वेल ओढून काढली, मुळांच्या जटांसकट. "वहिनी, हे तुमचंच ना?" माझंच होतं. झेब्रिना. वरच्या हँगिंग बास्केटमधून छान लोंबायची म्हणून मी रोज तिचे फोटो काढायचे, आणि तिचा एक तुटका तुकडा कधीतरी वाऱ्याने खाली पडून पाइपात जाऊन बसला होता. तिथे गाळ होता, ओल होती, तिला अजून काय पाहिजे.

मला या वेली आवडतात हे आधीच सांगते, त्या उपटून फेकून द्या असं सांगायला मी बसलेली नाही. उन्हाळ्यात दुसरं काही टिकत नाही तेव्हा याच टिकतात, वीस-तीस रुपयांत येतात, एका कुंडीच्या दहा होतात. पण ज्या गुणासाठी आपण त्या आणतो तोच त्यांचा अवगुण आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांसाठी लोकांनी हौसेने जगभर नेली, आज पुण्यात मुळा-मुठा आणि पवनेवर तिचे गालिचे दिसतात. घाणेरी बोटॅनिकल गार्डनमधून कुंपणावर आणि कुंपणावरून जंगलात गेली. बेशरम तर नावातच सगळं आलं, काडी टाकली तरी जगते. तिन्ही कुणीतरी हौसेनेच लावलेल्या.

"कुंडीत आहे ना, मग कुठे जाणार" हे मी पण म्हणायचे. कुंडीतून बाहेर पडायला चार वाटा असतात. खालच्या भोकातून मूळ जमिनीत जातं, लोंबणारा शेंडा जमिनीला टेकून तिथे रुजतो, बी पडतं, आणि छाटलेला किंवा तुटलेला तुकडा कुठेतरी जाऊन पडतो. यातल्या पहिल्या तीन बंद करणं सोपं आहे. चौथीकडे कुणी बघतच नाही आणि बहुतेक वेली तिथूनच निसटतात. त्यामुळे खाली कुंडी-मातीबद्दल लिहिलंय तेवढंच, किंबहुना जास्तच, कचऱ्याबद्दल लिहिलंय.

पायरी १. आणण्याआधी ती कशी पसरते ते बघा

नर्सरीत गेलात की वेलीच्या दांडीवरचं पेर बघा, म्हणजे जिथून पान फुटतं तो सांधा. तिथे बारीक पांढरट किंवा तपकिरी गाठी, मुळांचे कोंब दिसले तर ती वेल प्रत्येक पेरातून नवं झाड करू शकते असं धरून चाला. खात्री करायची असेल तर एक पेर पेल्यात पाण्यात ठेवा. झेब्रिनाला चार-पाच दिवसांत मुळं दिसतात. जी वेल पेल्यात इतक्या लवकर मुळं सोडते ती गटारात पण सोडेल.

आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या वेलींपैकी मी काय करते ते सांगते. झेब्रिना आणि तिची धाकटी बहीण शोभणारी टर्टल वाइन, या पेरावर पसरतात, कुंडीत सांभाळता येतात, फक्त तुकडे फार सहज तुटतात, टर्टल वाइनचे तर नुसता हात लागला तरी. मनी प्लांट सगळ्यांकडे असतो, आणि लोंबता ठेवला तर बिचारा गरीब असतो. त्याची गंमत अशी की तो खाली लोंबत राहिला तर पानं तळहाताएवढीच राहतात, पण जमिनीत रुजून एखाद्या झाडावर चढला की पानं वाढत वाढत सुपाएवढी होतात, फाटतात, आणि हे तेच झाड आहे यावर विश्वास बसत नाही. जुन्या बंगल्यांच्या आवारात आंब्याच्या नाहीतर नारळाच्या बुंध्यावर असा राक्षस तुम्ही पाहिला असेल. त्याला फूल जवळजवळ येतच नाही, म्हणजे बियांची भीती नाही, जो काही पसरतो तो आपल्याच हातून. बाणासारख्या पानांच्या सिंगोनियमची चाल तशीच आहे.

लोंबणारी घाणेरी, म्हणजे बारीक जांभळ्या फुलांची ट्रेलिंग लँटाना, हँगिंग बास्केटमध्ये फार सुंदर दिसते. ठेवायची तर फुलं सुकली की झुबके कापायचे, फळ धरू द्यायचं नाही, कारण फळ आलं की पक्षी येतात आणि मग ते तुमच्या हातात राहत नाही.

वेडेलिया, पिवळ्या डेझीसारख्या फुलांची, रस्त्याच्या डिव्हायडरवर पसरलेली असते ती, हिच्याबाबत मी कडक आहे. आययूसीएन म्हणून निसर्ग-संवर्धनाची जागतिक संघटना आहे, त्यांच्या तज्ज्ञांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या प्रजातींची यादी केली आहे, त्यात घाणेरी आणि जलपर्णीच्या पंक्तीला हीसुद्धा बसलेली आहे. शहरातल्या वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत ठीक, पण घर जमिनीवर असेल, मागे ओढा किंवा शेत असेल तर नको. कोकणातली माझी गोष्ट पुढे सांगते.

आणि आइसक्रीम वेल, ती गुलाबी फुलांची, कुंडीत लावायचीच नाही. जमिनीखाली कंद करते, वरून कापली तरी परत येते, भरपूर बी धरते आणि ते बी पाण्यावर तरंगत जातं. इतकी सोय करून आलेल्या वेलीला तुमची कुंडी काय अडवणार.

पायरी २. कुंडी

८ ते १० इंची हँगिंग बास्केट पुरते, मोठी घेऊ नका. मोठ्या कुंडीत मुळं पसरतात, वरची वाढ बेसुमार होते आणि मग कात्री घेऊन तुम्हीच दमता. प्लास्टिकची, खाली क्लिपने बसणारी ट्रे असलेली बरी.

खालची भोकं बुजवायची नाहीत, हे मुद्दाम सांगते कारण मी एकदा मूळ बाहेर येऊ नये म्हणून एमसील लावून भोकं बंद केली आणि पावसाळ्यात आतलं सगळं कुजून वास सुटला. भोकावर डासांच्या जाळीचा, नेटलॉनचा दुहेरी तुकडा आतून ठेवा. पाणी जातं, माती जात नाही, मूळ पूर्ण अडत नाही पण हळू पडतं.

कुंडी खाली ठेवायची असेल तर थेट माती, गवत किंवा पेव्हर ब्लॉकवर कधीच नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटीत वाळू असते, मूळ त्यातून आरामात उतरतं. लोखंडी स्टँड घ्या, जमिनीपासून निदान दीड फूट उंच, किंवा चार विटा आणि वर फरशी. आणि रविवारी कुंडी उचलून अर्धी फिरवायची. उचलताना जरा जरी चिकटल्यासारखी वाटली तर समजायचं, मूळ गेलंय खाली.

पायरी ३. माती आणि लावणी

यात फार शास्त्र नाही. दोन भाग कोकोपीट, एक भाग माती, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. नुसती माती भरू नका, १० इंची बास्केट भिजल्यावर नाहीतरी पाच-सहा किलो होते, मातीने अजून जड. हूक स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून बसवलेला हवा, प्लास्टरमध्ये ठोकलेला खिळा नव्हे.

झेब्रिना किंवा टर्टल वाइनचे चार-चार इंचांचे शेंडे घ्या, खालची दोन पानं काढा, ते पेर मातीत जाईल असं खोचा. ८ इंची बास्केटला दहा-बारा शेंडे गोलाकार, मधे पण दोन-तीन. लोक दोन काड्या लावून वाट बघत बसतात आणि मग खाली लांब आणि वर टकली अशी कुंडी होते. वेडेलियाला चार-पाच काड्या पुष्कळ. लावताना खाली पेपर अंथरा. काढलेली पानं, मोडलेले शेंडे सगळे त्या पेपरवरच राहतील. ही सवय पहिल्या दिवसापासून.

पायरी ४. टांगायची कुठे

ही पायरी मी चुकवली होती म्हणून पाइपातून वेल निघाली. कुंडीच्या बरोब्बर खाली काय आहे ते उभं राहून बघा. पाणी जाण्याचा पाइप, पन्हळ, गटाराची जाळी, खालच्या मजल्यावरच्यांची सज्जावरची धूळ, कंपाउंडपलीकडचा मोकळा प्लॉट, यातलं काहीही असेल तर जागा बदला. खाली साधी फरशी असावी, तुकडा पडला तर दिसला पाहिजे आणि झाडूने भरता आला पाहिजे. गच्चीच्या पाइपाच्या तोंडावर स्टीलची जाळी बसवून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, मी प्लंबर गेल्यावर त्याच संध्याकाळी बसवली.

वारा पण बघा. जूनमध्ये वळवाच्या शेवटी-शेवटी जो वारा सुटतो त्यात बास्केट गोल गोल फिरते आणि शेंडे कठड्याला घासून तुटतात. त्या आठवड्यात बास्केट खाली उतरवून भिंतीकडेला ठेवलेली बरी, एक-दोन दिवसांचाच प्रश्न असतो.

उन्हाचं थोडक्यात: झेब्रिनाला सकाळचं ऊन हवं, सावलीत तिचा जांभळा रंग जाऊन ती हिरवट, लांबट होते. मनी प्लांटला उजेड पुरतो. वेडेलिया आणि लँटानाला पाच-सहा तास ऊन नसेल तर फुलं विसरा.

पायरी ५. पाणी-खत, जरा हात आखडून

बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. आणि खत, इथे मी बाकी सगळ्यांच्या उलट सांगते, कमी द्या. या वेली खतावाचून मरत नाहीत. नत्र जास्त झालं की नुसती लांब, पोकळ, पाण्याने भरलेली दांडी वाढते आणि तीच पटकन तुटते. लावताना घातलेलं गांडूळखत, मग एकदा दिवाळीनंतर आणि एकदा फेब्रुवारीत मूठभर, बस. जून ते सप्टेंबर काहीही नाही, पावसाळ्यात त्यांना आवरणं हेच काम असतं.

पायरी ६. छाटणी

नियम एकच, शेंडा जमिनीपासून किंवा दुसऱ्या कुंडीपासून निदान फूटभर वर. मी कठड्यावर मार्करने रेघ मारली आहे, रेघेखाली गेलं की कापायचं, विचार करायचा नाही. दुसऱ्या कुंडीवर टेकू देणं हे जमिनीवर टेकण्याइतकंच वाईट, माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत टर्टल वाइन शिरली होती ती मोगरा पूर्ण उपसून, मुळं धुवून काढावी लागली.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, हिवाळ्यात दीड-दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात गरजेप्रमाणे. खाली जुनी चादर अंथरा, बास्केट उतरवून चादरीवर ठेवा आणि मग कापा, टांगलेल्या बास्केटला खालून कात्री लावायची नाही, तुकडे कुठे उडतात कळत नाही. कापून झालं की बास्केट हलवा, सुटे तुकडे पडतील. चादर चारही कोपरे धरून उचला. हातमोजे घाला, झेब्रिनाच्या चिकाने काहींना खाज येते, मनी प्लांट आणि सिंगोनियमच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तोंडात गेले तर जीभ-घसा चांगलाच चरचरतो, त्यामुळे लहान मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर छाटलेलं तसंच टाकून फोन घ्यायला जाऊ नका.

पायरी ७. छाटलेल्याचं काय करायचं

आता मुद्द्याचं. हे तुकडे कचरा नाहीत, ही रोपं आहेत, अशा नजरेने बघा म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचतं. इमारतीमागे, नाल्याकडेला, टेकडीवर "निसर्गातलं निसर्गात" म्हणून टाकायचे नाहीत. सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात ताजे टाकायचे नाहीत, कारण बहुतेक सोसायट्यांचे ढीग नुसते कोमट असतात, आत ५५-६० अंश तापमान काही दिवस टिकलं तर पेर मरतं, नाहीतर ते मजेत रुजतं आणि मग तेच कंपोस्ट सगळ्या कुंड्यांत वाटलं जातं. गुरांपुढे तर अजिबात नाही, घाणेरीने गुरांच्या यकृतावर परिणाम होतो हे कोणताही गुरांचा डॉक्टर सांगेल.

आधी मारायचे, मग टाकायचे. थोडे असतील तर सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या पातेल्यात घालून वरून उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. गार झालं की पानं शिजलेल्या पालकासारखी दिसतात, पाणी झाडून ते बिनधास्त ओल्या कचऱ्यात. जास्त असतील आणि ऊन असेल तर पत्र्यावर एका थरात पसरा, दांडी वाकवली की कट्‌ आवाज करून मोडली पाहिजे, नुसती मऊ पडलेली चालत नाही. एप्रिल-मे असेल तर काळ्या पिशवीत घट्ट बांधून भर उन्हात दोन-तीन आठवडे. भर उन्हात म्हणजे उन्हातच. मी एकदा अशी पिशवी जिन्याखाली ठेवून विसरले, महिन्याने उघडली तर आत झेब्रिनाने पांढरे फटक, लांबच लांब कोंब काढले होते, मोड आलेल्या मटकीसारखे. महिनाभर पाणी नाही, उजेड नाही, माती नाही.

पावसाळ्यात ऊन नाही आणि छाटणी सगळ्यात जास्त, तेव्हा बादली. तुकडे भरा, वर वीट ठेवून पूर्ण पाण्याखाली बुडवा, बादलीवर कापड ताणून बांधा आणि त्यावर झाकण, नाहीतर डासांची शाळा भरेल. तीन-चार आठवड्यांत सगळं कुजतं. वास येतो, खोटं कशाला सांगू, घरातली माणसं बोलतात. पण ते पाणी गाळून दहापट पाण्यात मिसळलं की बाकीच्या झाडांना खत म्हणून चालतं. उरलेला लगदा कंपोस्टमध्ये, आता त्यात जीव नसतो.

पायरी ८. वर्षातून एकदा उपसणं

फेब्रुवारीत एकदा सगळी कुंडी रिकामी करा. मुळांचा गच्च गोळा झालेला असतो, बाहेरून सुरीने दोन बोटं जाडीचा थर कापा, नवी माती भरा, किंवा सरळ ताजे शेंडे घेऊन नव्याने लावा, मला दुसरं सोपं वाटतं. जुनी माती लगेच दुसऱ्या कुंडीत घालू नका, त्यात मुळांचे आणि पेरांचे बारीक तुकडे असतात. प्लास्टिकवर पसरून दोन आठवडे कडक उन्हात, मधूनमधून खालीवर करत, मग चाळून.

आणि निसटलीच तर

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी पुण्याहून वेडेलियाची एक कुंडी कोकणात सासरी नेली. पायरीशेजारी ठेवली, चिऱ्यांवर. कुणीतरी छाटून मागे परड्यात टाकली असणार. दोन पावसाळ्यांत ती गडगा, म्हणजे आवाराची दगडी भिंत, चढून पलीकडे उतरली आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने सरळ पोफळींपर्यंत. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "असू दे की गं, फुलं किती छान आहेत." तिसऱ्या वर्षी फोनवर, "तुझं ते पिवळं कधी येत्येस काढायला?"

काढायची वेळ म्हणजे पहिला पाऊस पडून गेल्यावर, माती भुसभुशीत असते तेव्हा. कोयतीने वरवर कापू नका, एकाचे दहा तुकडे होतात. एका टोकापासून दांडी हलकेच उचलत जायचं, प्रत्येक पेराखालचं मूळ बोटांनी किंवा खुरप्याने सोडवायचं, गालिचा गुंडाळावा तसं गुंडाळत जायचं. पाण्याकडच्या टोकापासून सुरुवात करा, तुकडे वाहून गेले तर खाली दुसऱ्याच्या बागेत ती उगवणार. काढलेलं सगळं ताडपत्रीवर, जमिनीवर नाही. नंतर दर तीन आठवड्यांनी फेरी, दिसेल तो कोंब मुळासकट. पावसाळाभर. मोठा पट्टा असेल तर पाऊस संपल्यावर वरचं काढून काळं जाड प्लास्टिक अंथरा, कडा दगडांनी दाबा, उन्हाळाभर राहू द्या. तणनाशक मी पऱ्याजवळ वापरलं नाही, वापरायचं पण नाही. आम्हाला दोन पावसाळे लागले, आणि गडग्याच्या फटीत अजून एखादा कोंब सापडतोच.

एवढं सगळं नको असेल तर ब्राह्मी लावा, आपल्याकडच्या ओलसर काठांवर आपली आपण येणारी आहे, रुंद उथळ कुंडीतून मस्त लोंबते, बारीक पांढरी फुलं येतात. किंवा नागवेल, विड्याच्या पानांची, अर्धवट सावलीत, हाताशी पानं पण मिळतात.

राहिलं शेंडे वाटायचं. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी झेब्रिना मागितली. पूर्वी मी वाटीभर शेंडे कागदात गुंडाळून द्यायचे. आता लावलेलीच लहान कुंडी देते, ट्रेसकट, आणि पाइपातून निघालेल्या वेलीचा फोटो फोनवर दाखवते. काकू फोटो बघून म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे आमच्या सिंकखाली ते आलंय ते हेच की काय?" गेले बघायला. हेच होतं.